वाघोबाची आई

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल रात्री जेवताना एकीने मला विचारलं, 'उद्या तुझा विषय काय गं?' मी म्हटलं, 'वाघ.' तर ती म्हणाली, 'कुठला? घरातला का?' सगळ्या हसल्या, मीही हसले. पण नंतर झोप येईना. मनात आलं, खरंच या शिबिरात मारहाणीवर बोलायचं, रेशनवर बोलायचं, जमिनीवर बोलायचं, त्यात हे वाघाचं कशाला? तेव्हा आधीच सांगते, मी लोकसाहित्याची अभ्यासक नाही. समाजकार्यात एम.ए. केलं, ते शहरात. गेली नऊ वर्षं पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर बायकांच्या गटांबरोबर काम करते. तिथे जे ऐकलं आणि जिथे माझी चूक झाली, तेवढंच सांगणार आहे.

माणसाचं आणि रानातल्या जनावराचं नातं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे कुठलं चित्र येतं? मराठी माणसाच्या डोळ्यापुढे बहुधा हेमलकसा येतं. प्रकाश आमटे बसलेत आणि शेजारी बिबट्या. ते चित्र खोटं नाही. शिकारीत आई मेलेलं माकडाचं पिल्लू माडिया लोकांकडून त्यांनी मागून घेतलं आणि तिथून ते अनाथालय उभं राहिलं, हे आपल्याला माहीत आहे. दुसरं चित्र राजस्थानातल्या बिश्नोई बाईचं. हरणाच्या पाडसाला ती अंगावर पाजते आहे. हा फोटो दर एक-दोन वर्षांनी कुठल्यातरी मासिकात येतोच. १७३० साली खेजडलीला झाडांना मिठी मारून जी ३६३ माणसं मेली, त्यांत पहिली अमृतादेवी, हेही आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो. पण त्या फोटोतल्या बाईच्या नावावर शेत आहे का, हे कुणी विचारत नाही. असो.

माझ्या पाड्यांवर यातलं काही नाही. तिथे बिबट्याला कुणी हात लावत नाही आणि लावायची कुणाला इच्छाही नाही. नातं आहे ते एकाच वाटेने जाण्याचं. पहाटे तो त्या वाटेने जातो, सकाळी बाई हंडा घेऊन त्याच वाटेने जाते. ओल्या मातीत पंजा उमटलेला असतो. ती बघते आणि पुढे जाते. घरी येऊन एवढंच सांगते, 'रात्री गेला वाटतं.' नाव घेत नाही. 'तो', 'रानातला', 'मोठा', असं काहीतरी म्हणते.

पाड्याच्या वेशीवर, झाडाखाली वाघोबा असतो. लाकडाच्या फळीवर नाहीतर दगडावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य, कधी नाग, अंगभर शेंदूर. पट्टेरी वाघ तिथून केव्हाच गेला, आता आहे तो बिबट्या. पण देव दोघांचा एकच. आपण दिवाळीच्या आधी ज्या दिवशी वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी त्यांची वाघबारस. कोंबडा, बोकड, नारळ, थोडी दारू असा मान असतो. अकोले तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर लोकांत गुराखी पोरं खीर रांधतात, एकाला वाघ करतात आणि त्याला दटावून विचारतात, 'आमच्या शिवारात येशील का?' तो 'नाही येणार' म्हणत पळत सुटतो. मला हा सण फार आवडतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी नोंदवलेली आहेत. म्हणजे मुंबईच्या लोकलने आपण ज्या डोंगरांच्या कडेने येतो-जातो, तिथेही हा देव बसलेला आहे.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी आम्ही पाड्यांची पाहणी केली. तक्त्यात एक रकाना होता, 'अंधश्रद्धा व अनिष्ट प्रथा'. त्यात मी सरळ लिहिलं : वाघाची पूजा. रकाना भरला, काम झालं. कुणाला विचारलं नाही की ही पूजा का करता, कधीपासून करता, त्यात बायका कुठे असतात. शिकलेल्या बाईचा हा उद्दामपणा असतो, आणि तो आपल्या चळवळीतही आहे, हे कबूल करू या.

तिसऱ्या वर्षी एका पाड्यावर प्रकरण झालं. पाड्याचं नाव सांगत नाही, मुलीचं तर नाहीच. पावसाळा संपता संपता बिबट्याने तिथल्या चार शेळ्या नेल्या. मग एका संध्याकाळी सहा वर्षांच्या पोरावर झडप घातली. पोराच्या मामाने आरडाओरड केली म्हणून पोर वाचलं, पण मानेला आणि खांद्याला चांगलीच जखम झाली. पाडा घाबरला. घाबरलेली माणसं कारण शोधतात. पाड्यावर एक बावीस वर्षांची मुलगी होती. आदल्या वर्षी ती भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली होती, परत आली ती पोटुशी. लग्न झालेलं नव्हतं. ज्याचं मूल त्याने हात झटकले. मूल जन्मलं, आठ महिन्यांचं झालं, तोवर कुणी विशेष काही बोललं नव्हतं. वारल्यांत आपल्यासारखा लगेच गळा काढत नाहीत. पण बिबट्या आला आणि बोलणं सुरू झालं, 'हिच्यामुळे वाघोबा कोपला.' भगताने सांगितलं, हिने पाडा सोडावा, आणि बोकड आणि दारू दंड भरावा.

आमच्या गटातल्या एकीने निरोप पाठवला. मी गेले, बरोबर पुस्तिका घेऊन गेले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा, दोन्ही मला पाठ. पाड्यावर बैठक लावली. एक तास बोलले. दंड मागणं गुन्हा आहे, वाळीत टाकणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. भगतानेही ऐकलं, चहा पाजला. मी खुशीत परत आले.

दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीला हातपंपावर कुणी रांगेत घेईना. दुकानदार म्हणाला, मीठ संपलं. गवतकापणीच्या टोळीत तिला घेतलं नाही. मी पुन्हा गेले आणि म्हटलं, 'चल, आपण पोलिसांत जाऊ.' ती मुलाला पाजत होती. म्हणाली, 'ताई, तुम्ही संध्याकाळच्या गाडीने जाल. मला रात्री इथंच निजायचं आहे.'

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही.

दुसरी बैठक आम्ही लावली नाही. ती पाड्यावरच्या एका आजीने लावली. ती सुईण. अर्ध्या पाड्याची नाळ तिने कापलेली. तिने निरोप धाडला की मोठ्या झाडाखाली या, मला वाघोबाची गोष्ट सांगायची आहे. पुरुष आले, कारण गोष्टीला 'नाही' कोण म्हणणार? तिने जी गोष्ट सांगितली ती माझ्या भाषेत थोडक्यात सांगते. तिची लय मला येणार नाही.

एक पोरगी होती. लग्न झालं नव्हतं. तिला दिवस गेले. तिला मुलगा झाला. दिवसा तो मुलगा, रात्री वाघ. रात्री उठायचा, पाड्यातलं गुरू मारायचा, पहाटे येऊन आईच्या कुशीत निजायचा. लोकांना हे कळलं. लोक काठ्या-कोयते घेऊन आले, 'तुझ्या पोराला मारून टाकतो.' आई उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, 'मारू नका, मी त्याला सांगते.' मग पोराला म्हणाली, 'बाबा, तू रानात जा, इथं राहू नकोस.' पोरगा म्हणाला, 'जातो, पण खाऊ काय?' तेव्हा आईने दोन्हीकडे बोलणी केली. लोकांना म्हणाली, वर्षातून एकदा त्याला मान द्या, कोंबडा द्या, बोकड द्या, त्याची आठवण ठेवा. पोराला म्हणाली, तू रानात राहा आणि या माणसांना राख. दोघांनी कबूल केलं. तो गेला. म्हणून आपण वाघबारस करतो.

गोष्ट सगळ्यांना माहीतच होती. लहानपणापासून ऐकलेली. आजी थांबली, पानाला चुना लावला आणि भगताला म्हणाली, 'तू ज्याला शेंदूर लावतोस, तो कोणाचा पोर रे?'

कुणी बोललं नाही. मागे दोन-तीन बायका हसल्या, पदर तोंडाला लावून. मग आजी म्हणाली, 'तेव्हा त्याच्या आईला पाड्यातून हाकलली असती, तर बोलणी कोणी केली असती?'

मी तिथे खाली मान घालून बसले होते. तक्त्यातला तो रकाना मला आठवत होता.

आता इथे थांबून, 'बघा, लोककथेने क्रांती केली' असं मी म्हणणार नाही. तसं झालं नाही. भगताने लगेच सांगितलं की आजीची गोष्ट अपुरी आहे. त्याच्या सांगण्यात ती पोरगी राजाची, आणि तिला दिवस गेले ते देवाच्या करणीने. हे ऐकून मला गंमत वाटली. आजीच्या गोष्टीत बाप कोण, हे कुणी विचारतच नाही. भगताच्या गोष्टीत बाप शोधावा लागतो आणि माणूस सापडत नाही म्हणून देव आणावा लागतो. गोष्ट एकच, पण कोण सांगतंय यावर ती कुठे झुकते हे ठरतं. तुमच्या भागात अशा गोष्टी असतील तर त्या पुरुषांकडून एकदा आणि म्हाताऱ्या बायकांकडून एकदा, अशा दोनदा ऐका.

दंड मात्र उतरला. बोकडाचा कोंबडा झाला, कोंबड्याचा नारळ झाला. तो नारळ तिने दिला. मी आक्षेप घेणार होते, तिनेच मला डोळ्यांनी गप्प केलं. हातपंप सुटला. मीठ मिळालं. आणि नंतर, कितीतरी दिवसांनी, खरं काय ते बाहेर आलं. तिचा बाप कसत होता तो वनजमिनीचा तुकडा, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेला दावा, बाप वारलेला, भाऊ नाही. ती पाड्यातून गेली असती तर तुकडा चुलत्याकडे जाणार होता. 'वाघोबा कोपला' हे पहिल्यांदा बोललं ते त्याच घरातून. आपण डाकीण ठरवलेल्या बायकांची प्रकरणं पाहिली आहेत, तिथे जमीन निघते. इथेही तीच निघाली.

नंतर एका देशव्यापी मेळाव्यात मला सुंदरबनच्या दोघीजणी भेटल्या. बंगालच्या खाडीकडचं ते खारफुटीचं रान. नवरे मध गोळा करायला, मासे-खेकडे धरायला होड्या घेऊन जातात आणि काहींना वाघ नेतो. नवरा रानात असेपर्यंत बाई केस विंचरत नाही, तेल लावत नाही, साबणाने कपडे धूत नाही. जिवंतपणीच विधवेसारखी राहते. आणि तरी तो गेला, तर लोक म्हणतात, हिनेच काही पाळलं नसेल. 'नवऱ्याला खाणारी' असं तिला म्हणतात. वाघाने खाल्लं आणि नाव बायकोचं! त्या दोघी हे सांगताना एकमेकींचा हात धरून होत्या.

आणि त्याच रानाची देवी आहे बोनबीबी. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिचं नाव घेऊन रानात शिरतात. तिची गोष्ट ऐका. थोरल्या सवतीच्या हट्टापायी नवऱ्याने तिच्या आईला, गरोदर असताना, रानात सोडलं. जुळं झालं, मुलगा आणि मुलगी. दोघांना सांभाळणं होईना म्हणून आईने मुलाला घेतलं आणि मुलीला रानात टाकलं. त्या टाकलेल्या मुलीला हरणीने वाढवलं. तीच पुढे रानाची राखणदार झाली, आणि वाघाच्या रूपात येणाऱ्या दोखिन रायच्या तोंडून विधवेच्या पोराला, दुखेला, तिने सोडवलं. म्हणजे पालघरला कुमारी माता, तिकडे नकोशी मुलगी. माणूस आणि वाघ यांच्यामधला करार करायला गोष्टीत उभी राहते ती घराबाहेर काढलेली बाई. असं का, याचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण ज्यांनी या गोष्टी रचल्या त्यांना रानाच्या कडेला नेमकं कोण उभं असतं, हे माहीत होतं.

कारण आजही तिथे तीच उभी असते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदू पहाटे तोडायचा असतो, मोह पहाटे वेचायचा असतो, आणि ती वाघाचीही वेळ. वाकून पानं तोडणारी, उकिडवं बसून गवत कापणारी बाई जनावराला उभ्या माणसासारखी दिसत नाही, असं जाणकार सांगतात. अंधारात शौचाला बसलेली बाईही तशीच. मुंबईत आरे कॉलनीच्या पाड्यांत संडासाचा आणि दिव्याचा प्रश्न हा बिबट्याचाही प्रश्न आहे, हे तिथल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि सरकार काय करतं? लोक ओरडले की पिंजरा लावतं. जुन्नरचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवा. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मग मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसऱ्या रानांत सोडायला सुरुवात झाली, आणि हल्ले वर्षाला सतरांवर गेले. ओळखीची जागा तोडली की जनावर बिथरतं. उलट अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा दर शंभर चौरस किलोमीटरला चार-पाच बिबटे होते, माणसं दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर, आणि माणूस मेल्याची नोंद नव्हती. म्हणजे एकत्र राहता येतं. पण त्याचा भार कोण उचलतं, शेळी कोणाची जाते, वाकून काम कोण करतं, हेही त्याच वेळी मोजलं पाहिजे. मी बिबट्याच्या बाजूने आहे, पण बाईच्या जिवावर नाही.

नुकसानभरपाईबद्दल दोन शब्द, कारण इथे बसलेल्या निम्म्या जणी हे काम करतात. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर २०२३ पासून पंचवीस लाख रुपये ठरले आहेत, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत. पैसे मिळतात 'वारसाला'. नवऱ्याने टाकलेली बाई मेली तर वारस म्हणून कोण उगवतो, हे वेगळं सांगायला नको. एका जखमी बाईच्या फाइलीत मी स्वतः पाहिलं, व्यवसायापुढे लिहिलं होतं 'गृहिणी'. ती मजुरीने गवत कापत होती तेव्हा हल्ला झाला. आम्ही ते खोडून 'शेतमजूर' करायला लावलं, त्याला चार फेऱ्या लागल्या. सुंदरबनच्या बायकांना तर, नवरा परवान्याशिवाय गेला होता, बंदी असलेल्या गाभा क्षेत्रात गेला होता, असं सांगून परत पाठवत. २०२३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एका विधवेला पाच लाख रुपये द्यायचा आदेश दिला आणि गाभ्याची ती सबब ऐकली नाही. त्या निकालाची प्रत मिळवून ठेवा.

एक राहिलं. वाघबारसेला मी त्या पाड्यावर दोनदा गेले. पूजा पुरुष करतात, बायका लांब उभ्या. वारल्यांच्या लग्नात धवलेरी बाई लग्न लावते, सवाशिणी चौक लिहितात, आणि इथे मात्र लांब! मला राग आला. मी आजीला विचारलं, 'तुम्हाला वाईट नाही वाटत?' ती म्हणाली, 'त्यांना वर्षातून एकदा भेटतो, म्हणून ते जवळ जातात. आम्हाला रोजच भेटतो, बाय.' मी ही गोष्ट कुठेही सांगितली की लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र अजून पटलेलं नाही. लांब उभं राहावं लागणं ते लांबच. आजीशी माझा हा वाद चालू आहे.

गेल्या वाघबारसेला ती मुलगीही होती. तिचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. त्याने झाडाखाली जाऊन कोरलेल्या वाघाच्या पाठीवर हात फिरवला, कुणी त्याला ओढून मागे घेतलं नाही. चौथ्या दिवशी ती भट्टीवर गेली, कारण दाव्याचा निकाल नाही आणि एका पिकावर वर्ष निघत नाही. दावा अजून उपविभागीय समितीकडे पडून आहे. चुलत्याचा हरकतीचा अर्जही तिथेच आहे. कायद्यात एकट्या बाईला घरची प्रमुख म्हणून तिच्या नावाने पट्टा मिळू शकतो, वारसाने हक्कही येतो, हे आम्ही लेखी दिलेलं आहे. सुनावणीची तारीख लागली की मी निरोप पाठवीन. त्या दिवशी आपल्यातल्या दहा-बाराजणी तरी तिच्याबरोबर यायला हव्यात. सकाळची पहिली गाडी सव्वासहाची आहे, मुक्काम आदल्या रात्री पाड्यावर आजीकडे.